शिरोलीतील फाउंड्रीची वेबसाइट गुगलवर मागे का पडते?

‘अग्रगण्य उत्पादक, उत्तम दर्जा’ ही ओळ शिरोली एमआयडीसीतील कुठल्याही फाउंड्रीच्या वेबसाइटवर खपून जाईल. अडचण तिथेच आहे. मजकूर सारखाच असेल, तर गुगल सहसा त्यातले एकच पान दाखवते. बाकीच्यांना दंड नसतो; पण चौकशीही येत नाही.

२०११च्या ‘पांडा’ अपडेटपासून उथळ, उचललेला मजकूर खाली जाऊ लागला. मार्च २०२४मध्ये केवळ रँकिंगसाठी घाऊक पाने पाडण्याविरुद्ध नियम आला. ती एआयने लिहिली की माणसाने, याने फरक पडत नाही.

मग लिहायचे काय? ग्रे आयर्न की एसजी आयर्न, कास्टिंग किती किलोपर्यंत, मोल्डिंग कोणते, मशीनिंग आवारातच होते का? खरेदी अधिकारी हेच शोधतो. सुपरवायझरला हे तोंडपाठ असते. वेबसाइट बनवणारा त्याला विचारतच नाही.