वॉशिंग मशीन घेण्याआधी टाकीची उंची मोजा
(लेखमाला ‘घरातली यंत्रं’ : भाग सहावा)

भातलावणीच्या दिवसांत भोर-वेल्ह्याच्या घरांमध्ये रोज चिखलाचे कपडे पडतात आणि वाळत मात्र एकही नाही. चुलीच्या वर बांधलेल्या दोरीवर टाकले तर धुराचा वास. त्यामुळे इथे वॉशिंग मशीनचं निम्मं काम धुण्याचं आणि निम्मं पिळण्याचं. दुकानात मात्र किलो आणि बटणं यांचीच चर्चा होते. विचारायला हवं ते हे, की पिळताना ड्रम मिनिटाला किती फेरे घेतो. टॉप लोडमध्ये हा आकडा साधारण 700 च्या आसपास असतो, फ्रंट लोडमध्ये 1000 ते 1400. सेमी-ऑटोमॅटिकचा छोटा स्पिनरही बहुधा 1300 च्या आसपास फिरतो. म्हणजे पिळण्याच्या बाबतीत स्वस्त मशीन मागे पडत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याच्या दाबाची. फुल ऑटोमॅटिक मशीनच्या माहितीपुस्तिकेत बहुतेक वेळा किमान 0.3 बार दाब मागितलेला असतो. त्याचा सरळ अर्थ, टाकीचा तळ मशीनच्या नळापासून सुमारे तीन मीटर उंच हवा. एकमजली घराच्या स्लॅबवर टाकी नुसती टेकवलेली असेल आणि नळ जमिनीपासून मीटरभर वर असेल, तर मिळते जेमतेम दोन-सव्वादोन मीटर उंची. मग पाणी करंगळीएवढ्या धारेने येतं, ठरलेल्या वेळात टब भरत नाही आणि मशीन एरर दाखवून थांबतं. घरचे म्हणतात, मशीन खराब निघालं. खरा उपाय टाकीखाली चार-पाच फुटांचा स्टँड किंवा छोटा प्रेशर पंप. स्टँडचा खर्च मशीन घेतानाच हिशेबात धरावा.

भाटघर, नीरा देवघर, पानशेत, गुंजवणी अशी धरणं असलेल्या या मुलखात डोंगरातल्या वाड्यांची उन्हाळ्यातली गत ‘धरण उशाला, कोरड घशाला’ अशीच असते. जिथे पाणी हंड्याने भरावं लागतं, तिथे सेमी-ऑटोमॅटिकच घ्यावं. त्यात बादलीने पाणी ओतता येतं, साबणाचं पाणी दुसऱ्या खेपेला वापरता येतं आणि मध्येच लाइट गेली तर कपडे हाताने काढून पिळता येतात. त्याला कमीपणा मानण्याचं काहीच कारण नाही.

आता टिकवण्याचं. नवरात्राआधी गोधड्या धुवायची रीत घरोघर आहे आणि मशीन बिघडण्याचं ते एक ठरलेलं निमित्त. मशीनवर लिहिलेले सात किलो हे कोरड्या कपड्यांचे असतात. सुती गोधडी पाणी पिऊन कितीतरी जड होते, ड्रमच्या एकाच बाजूला बसते आणि पिळताना मशीन जागेवरून सरकू लागतं. हा झटका बसतो बेअरिंगला आणि ड्रम पेलणाऱ्या दांड्यांना. गोधडी नदीवर किंवा हौदावरच धुवावी. चिखलाचे कपडेही आधी बादलीत खळबळून मग टाकावेत, कारण लाल माती पंपाच्या फिल्टरमध्ये गाळ होऊन बसते.

नळाजवळच्या जाळीत पावसाळ्यात कचरा साचतो. नळ बंद करून पाइप सोडवला की ती ब्रशने पाच मिनिटांत साफ होते. फ्रंट लोडचं दार धुणं झाल्यावर उघडं ठेवावं, नाहीतर रबराच्या घडीत बुरशी धरते.

वळवाच्या विजा चमकू लागल्या की प्लग काढून ठेवावा. इलेक्ट्रॉनिक बोर्ड सगळ्यात महागात पडतो. मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वापर तिथेच थांबवून वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावं. घरात भाताची पोती असतील तर उंदीर येणारच. ते मशीनच्या उघड्या तळातून शिरून वायरी कुरतडतात, म्हणून तळाला जाळी बसवून घ्यावी.

‘दहा वर्षांची वॉरंटी’ बहुधा फक्त मोटरची असते. बोर्ड, पंप आणि मेकॅनिकची मजुरी त्यात धरलेली नसते. म्हणून पैसे मोजण्याआधी भोर किंवा नसरापूरला त्या कंपनीचं काम कोण करतं, वाडीपर्यंत यायचे किती घेतं आणि सुटे भाग पुण्याहून यायला किती दिवस लागतात, हे त्या मेकॅनिकलाच फोन करून विचारावं.