'पावरची गोळी' म्हणजे नेमकी कोणती?

पावसाळ्यात जालन्यातल्या कुठल्याही मेडिकलवर घटकाभर उभे राहा. "ताप उतरंना, जरा पावरची गोळी द्या," ही मागणी कानावर येतेच. मागणारा मंठा-परतूरकडचा, खुरपणीचा रोज बुडवून आलेला. त्याची घाई खोटी नाही. खोटी आहे ती 'पावर'. अळीचं औषध करप्यावर मारून उपयोग नाही, हे त्याला शेतात कुणी शिकवावं लागत नाही. अँटिबायोटिकचंही तसंच. कोणता जंतू आणि त्याला कोणती गोळी लागू पडते, एवढाच प्रश्न. सर्दी, फ्लू, डेंगी यांचे विषाणू तर कुठल्याच अँटिबायोटिकला जुमानत नाहीत.

स्क्रब टायफसचं बघा. 2018च्या पावसाळ्यात शेजारच्या विदर्भात या तापाने बळी घेतले. गवता-झुडपांतल्या अगदी बारीक किड्याची अळी चावते आणि पुष्कळदा चाव्याच्या जागी काळी खपली धरते. तीही काखेत, जांघेत, जिथे सहसा कुणी बघत नाही. इथे सेफिक्झिमसारखी महाग गोळी काही कामाची नाही. लागू पडते ती 1967पासून वापरात असलेली, स्वस्तातली डॉक्सीसायक्लीन. तिच्या घराण्यातलं पहिलं औषध, ऑरिओमायसिन, 1948मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीने जगापुढे आणलं. तिथल्या संशोधनाची धुरा तेव्हा आंध्रच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती.

पण हीच डॉक्सीसायक्लीन घोटभर पाण्यावर गिळून लगेच आडवं झालं, तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. पेलाभर पाणी प्यावं आणि निदान अर्धा तास बसून राहावं. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी, कॅल्शियम किंवा पित्ताचं औषध सोबतच घेतलं, तर डॉक्सी अंगी लागत नाही. दोन्हींत दोन-तीन तासांचं अंतर हवं. ही गोळी चालू असताना उन्हाने कातडी लवकर भाजते, तेव्हा रानात जाणं टळत नसेल तर अंगभर कपडे घालावेत. गरोदर बाईने ही गोळी आपल्या मनाने घेऊ नये आणि आठ वर्षांखालच्या मुलाला घरच्यांनी आपल्या मनाने देऊ नये. कुठल्याही अँटिबायोटिकने ओठ-चेहरा सुजला, दम लागला, तर पुढची गोळी न घेता थेट दवाखाना गाठावा.

चार दिवसांचंच औषध मागितलं, की दुकानदार कात्रीने स्ट्रिप कापतो. मुदतीची तारीख बहुधा त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते. आपल्या हाती येतो बिननावाचा तुकडा. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या फळीवर जातात आणि पुढच्या तापाला शेजारणीच्या पोराला. केंद्र सरकारने 2016मध्ये स्ट्रिपवरच्या लाल उभ्या रेघेची मोहीम काढली, ती यासाठीच: रेघ दिसली तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका. कापलेल्या तुकड्यावर ती रेघ अर्धीमुर्धीच उरते. किती दिवस घ्यायची, हेही चिठ्ठीच सांगेल; मनाने कमी करू नका आणि वाढवूही नका.

पावसाळ्यात ताप दोन-तीन दिवसांत हटला नाही, तर मेडिकलऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. गवतात काम केल्याचं सांगा, काळी खपली दिसली तर न लाजता दाखवा आणि आधी घेतलेल्या गोळ्यांचं रिकामं पाकीट बरोबर न्या.