शून्य आणि 'नाही' यांतील भेद

गुणपत्रकात एका विद्यार्थ्याच्या नावापुढे '०' असते, तर दुसऱ्याच्या नावापुढे 'गैरहजर'. बेरजेत दोघांचे स्थान सारखेच भासते. अर्थ मात्र भिन्न आहे. पहिल्याने परीक्षा दिली, दुसऱ्याने दिलीच नाही. संगणकाच्या भाषेत हा भेद कसा राखला जातो, ते पाहू.

माहितीच्या जोड्या साठवण्यासाठी आज्ञावलीत 'डिक्शनरी' नावाची रचना वापरतात. तिच्या प्रत्येक नोंदीत एक 'की' व एक मूल्य असते. समजा, विद्यार्थ्याचे नाव ही की आणि गुण हे मूल्य. नाव दिले की गुण मिळतात. परंतु नोंदच नसलेले नाव विचारले तर?

प्रत्येक भाषेचे उत्तर निराळे आहे. पायथॉनमध्ये चौकटी कंसात की देऊन असा शोध घेतल्यास त्रुटी उद्भवते. ती हाताळली नसेल, तर आज्ञावली थांबते. गो भाषेत मूल्ये अंकी असतील, तर शून्य हाती येते. नोंद होती की नव्हती, हे वेगळे तपासावे लागते. २०१४ साली अ‍ॅपलने प्रसिद्ध केलेल्या स्विफ्ट भाषेत 'ऑप्शनल' मिळते. ऑप्शनल म्हणजे जणू बंद पाकीट. आत मूल्य असेल किंवा 'निल', म्हणजे काहीच नाही. पाकीट न उघडता बेरीज करू गेल्यास कंपायलर ती आज्ञावली स्वीकारत नाही.

पाकीट उघडण्याचे तीन प्रमुख मार्ग आहेत. 'इफ लेट' वापरल्यास आत मूल्य असेल तरच पुढील कृती होते. नसेल तेव्हा काय करावे, हेही सांगता येते. दुहेरी प्रश्नचिन्हाने पर्यायी मूल्य देता येते. उद्गारचिन्हाने पाकीट बळेच उघडता येते. मात्र आत निल असल्यास आज्ञावली तत्क्षणी बंद पडते.

यांपैकी दुसरा मार्ग सर्वांत सोपा वाटतो. पण तेथेच विवेक हवा. दुकानातील वस्तूंची मोजणी करताना पहिल्यांदाच आलेल्या वस्तूची आधीची संख्या शून्य मानणे योग्यच आहे. गुणांच्या बाबतीत मात्र तसे केल्यास गैरहजर विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरेल आणि वर्गाची सरासरीही विनाकारण घटेल. आज्ञावली कोठेही अडखळणार नाही, म्हणून ही चूक सहजासहजी लक्षातही येणार नाही.

भाषा आपल्याला 'नाही'ची जाणीव करून देऊ शकते. त्या 'नाही'चा अर्थ मात्र आपणच ठरवायचा असतो.