आयातशुल्काची सवलत आणि पिरंगुट पट्ट्यातले कारखाने

प्रादेशिक व्यापार करारातले देश एकमेकांच्या मालावरचे आयातशुल्क घटवतात. बाहेरच्या देशांना जुनाच दर लागतो. सर्व सदस्यांना समान वागणूक हे जागतिक व्यापाराचे मूळ तत्त्व. त्याला हा अपवाद ‘गॅट’ या जागतिक व्यापारविषयक करारातल्या कलम 24 मुळे मिळाला.

मुळशी तालुक्यात कासार आंबोलीच्या शेजारी पिरंगुट-उरवडे हा लहानमोठ्या कारखान्यांचा पट्टा आहे. अशा उद्योगांना व्यापार करार दोन्ही बाजूंनी भिडतो. भारत आणि ‘आसियान’ हा आग्नेय आशियाई देशांचा गट यांच्यातला वस्तू व्यापार करार 1 जानेवारी 2010 रोजी अमलात आला. थायलंड, मलेशियाचे सुटे भाग स्वस्तात आणणे शक्य झाले. तेच भाग इथे घडवणाऱ्यापुढे मात्र नवी स्पर्धा उभी राहिली.

खरी मेख आहे ती उगमाच्या नियमांत. तिसऱ्या देशाचा माल आसियानमार्गे सवलतीत शिरू नये, म्हणून साधारणपणे किमान 35 टक्के मूल्य करारातल्या देशांतले असावे आणि प्रक्रियेत मालाचे शुल्कवर्गीकरण बदलावे, अशी अट आहे. 21 सप्टेंबर 2020 पासून मालाच्या उगमाची माहिती जवळ बाळगण्याची जबाबदारी आयातदारावर आहे. मोठी कंपनी त्यासाठी माणसे नेमते. लहान कारखानदाराला हे कागद झेपत नाहीत आणि हक्काची सवलत हातची जाते. या उणिवेची चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही.

करार नाकारण्याचेही परिणाम असतात. नोव्हेंबर 2019 मध्ये भारत ‘आरसेप’ या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडला. न्यूझीलंडच्या दूध भुकटीची धास्ती घेतलेल्या दूध उत्पादकांना त्यामुळे दिलासा मिळाला. चीन, जपान, ऑस्ट्रेलिया आणि आसियान देश मात्र 2022 पासून या एकाच करारात आले आणि त्यांच्या पुरवठा साखळ्या आपसांत अधिक घट्ट होण्याची वाट मोकळी झाली.