बंद पडलेला रणगाडा



या पानावर बेणे, खत आणि पाचट यांखेरीज मी आजवर काही लिहिलेले नाही. आज एका खेळण्याबद्दल लिहीत आहे. नवल वाटेल, पण आपल्या बहुतेकांच्या पडवीत एखादा बंद पंप धूळ खात पडलेला असतो, म्हणून वाचावे.

आठवीतला माझा भाचा सुट्टीला आला तो बगलेत खोके घेऊन. आत रिमोटवर चालणारा शर्मन रणगाडा. खऱ्याच्या सोळाव्या हिश्श्याचा, लांबी सव्वा फूट. नवा घ्यायचा तर कित्येक हजार रुपये. याने साठवलेले नऊशे रुपये मोजून जुन्या सामानाच्या दुकानातून आणला होता आणि तो जागचा हलत नव्हता. "मामा, फसलो मी. आजोबा म्हणाले, भंगारात टाक." नऊशे गेले त्याचे एवढे नाही, पण हा पोरगा पुन्हा स्वतःच्या अकलेने काही घ्यायला धजणार नाही, याची मला धास्ती वाटली. मातीचे विचाराल तर सांगेन, इलेक्ट्रॉनिक्समधले मला ओ की ठो कळत नाही. तरी म्हटले, "चल, बघू तर खरं."

पहिली चूक लगेच केली. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन थेट खोलायलाच बसलो. कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यातले मेस्त्री दारावरून चालले होते, ते थांबले. "साहेब, विहिरीवरची मोटार चालेना म्हणून आधी पाईपलाईन उकरता का? लाईट आहे का ते बघता ना?"

मग रिमोटचे झाकण उघडले. जुने सेल गळून आतल्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर चढला होता. लिंबाच्या रसात बुडवलेल्या बोळ्याने पुसला, कोरडे केले, पॉलिश पेपरने घासले, नवे सेल घातले. दिवा लागला! आता रणगाड्याची बॅटरी. ती ७.२ व्होल्टची, आत १.२ व्होल्टचे ६ सेल. पूर्ण चार्ज झाल्यावर मीटरवर ८ च्या वर दिसायला हवे. आमची ३ च्या पुढे सरकेना. ती नवीच आणावी लागली. (निकेलच्या बॅटरीला निकेलचाच चार्जर लावावा, आणि चार्जिंगला लावून झोपू नये.)

आधी रिमोट सुरू केला, मग रणगाडा. तोफेचा घुमट गर्रकन फिरला. पोरगा ओरडलाच! पण पुढे दाबले तर डावा पट्टा चाले, उजवा मेलेला. रणगाड्याला आपल्या ट्रॅक्टरसारखी वळणारी चाके नसतात. या खेळण्यात दोन पट्ट्यांना दोन मोटारी. एक मंद केली की गाडी त्या अंगाला वळते. एकच बैल ओढू लागला की बैलगाडी कशी फिरते, तसेच.

आता मात्र खोलणे भाग होते. स्क्रू वाटीत, कुठला कुठून निघाला त्याची खूण कागदावर. वरचे कवच हळूच उचलायचे, कारण घुमटाच्या वायरी खाली जोडलेल्या असतात. उजव्या मोटारीला बॅटरी थेट लावून पाहिली तर ती नुसती घुरघुरली. पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकामागे पाहिले, तो आसाभोवती दोरा आणि केसांचा गच्च पिळा! चिमट्याने उकलायला तास गेला. अडलेली मोटार जास्त करंट खेचते, तापते आणि शेवटी जळते, हे तुम्हाला मी सांगायला नको. ही वाचली होती. प्लॅस्टिकच्या दात्यांना ट्रॅक्टरचे ग्रीस न लावता सिलिकॉनचे लावले.

या खटपटीत माझ्याच हातून मोटारीची वायर तुटली. मेस्त्रींनी सोल्डर करायला शिकवले: आधी सांधा तापवायचा, मग सांध्याच्या उष्णतेने सोल्डरची तार वितळू द्यायची. मी ती वरून थापली. नुसता गोळा झाला, ओढताच निघाला. दुसरा सांधा बसला.

सगळे जोडून पुढे दाबले, तर रणगाडा जागच्या जागी गरगर. मी कपाळाला हात लावला. वाटले, आतला बोर्डच गेला. भाचा पोटावर पडून बघत होता. म्हणाला, "मामा, एक पट्टा मागं चाललाय. तुम्ही वायरी उलट्या लावल्यात." खरेच होते. त्या अदलाबदल करून त्यानेच सोल्डर केल्या; मी फक्त टॉर्च धरली.

संध्याकाळी स्वारी खोडव्याच्या फडात. पाणी नुकतेच दिलेले, दहा फुटांवर रणगाडा सरीत रुतला. मोटार जळू नये म्हणून लगेच बंद करायला लावला. तिथेच बांधावर बसून त्याला सांगितले की, सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे असेच रुतले होते. आपल्या सैन्याने रानात पाणी सोडले होते, आणि आपले रणगाडे, त्यांत शर्मनही, उभ्या उसात दबा धरून होते.

"म्हणजे उसामुळं जिंकलो?"

म्हटले, "ऊस, पाणी आणि जवान. जवान पहिले."

ज्या सभासदांचे बॅटरीवरचे फवारणी पंप बंद आहेत, त्यांनी चार्जर, बॅटरी, स्विच, वायर, मोटार या क्रमाने स्वतः पाहावे. जाळीतला कचराही काढावा. तरीही न चालल्यास सोमवारी गट ऑफिसात आणावा. पंप स्वच्छ धुऊन आणावा. औषधाचा वास येणारा पंप मी पोराच्या हातात देणार नाही. भाचा शाळा सुरू होईपर्यंत इथेच आहे.

— ऊस विकास अधिकारी