पंचगंगेत जलपरी राहील का?

पीएच.डी. करणाऱ्याला मध्येच दुसरं काहीतरी लिहायची हुक्की येणं हा थीसिस टाळायचा जुना आणि मान्यताप्राप्त प्रकार आहे. माझ्या बाबतीत ते दुसरं काहीतरी म्हणजे कादंबरी. पहिलीच. प्रेमकथा, तीही अद्भुतरम्य. नायिका जलपरी आणि गाव कोल्हापूर. हे ऐकल्यावर लॅबमध्ये पहिला प्रश्न येतो, "कोल्हापुरात समुद्र कुठाय?" दुसरा, "मग तुझ्या रिसर्चचा ह्यात काय उपयोग?"

माझा रिसर्च गोड्या पाण्यातल्या माशांच्या श्वसनावर आहे. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हा लेख. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: समुद्र नाही, नदी आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि न दिसणारी सरस्वती मिळून झालेली पंचगंगा. जलपरीला ती पुरेल का, एवढंच बघायचं.

(अद्भुतरम्य प्रेमकथेला हल्ली 'रोमँटसी' असं नवं लेबल लागलंय. पण मराठी कादंबरीची सुरुवातीची वर्षं त्याच वाटेने गेली. हळबेशास्त्र्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची. म्हणजे मी काही नवीन करत नाहीये.)

आधी शेपटी. मासा शेपटी डावी-उजवीकडे हलवतो. व्हेल, डॉल्फिन, डुगाँग हे सस्तन प्राणी ती वर-खाली हलवतात, कारण त्यांचे पूर्वज जमिनीवर चालणारे होते आणि त्यांचा कणा तसा वाकतो. चित्रातली जलपरी नीट बघा. कमरेखाली माशाचे खवले, पण शेपटीचा पंखा आडवा आणि पोहणं डॉल्फिनसारखं. चित्रकारांनी नकळत तिला सस्तन ठरवून टाकलंय. ते बरोबरच आहे, आणि त्याचं कारण श्वासात आहे.

एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. २५ अंशांच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम सहा. माणसाला नुसतं बसून राहायलाही मिनिटाला २५० मिलिलिटरच्या आसपास प्राणवायू लागतो. म्हणजे माणसाएवढ्या, गरम रक्ताच्या जलपरीला कल्ले दिले, तर तिला दर मिनिटाला चाळीस लिटरहून जास्त पाणी, म्हणजे तीनेक घागरी, कल्ल्यांतून ढकलावं लागेल. तेही त्यातला शेवटचा कणसुद्धा शोषला जातो असं धरून. शिवाय तेवढ्या पाण्याला रक्त भिडलं की अंगातली सगळी ऊब त्या पाण्यात जाणार. म्हणून व्हेलला एवढी कोट्यवधी वर्षं मिळूनही कल्ले फुटले नाहीत. तो अजून वर येऊन नाकानेच श्वास घेतो.

हा हिशोब हवेशी खेळत असलेल्या स्वच्छ पाण्याचा झाला. आमची नदी एप्रिल-मेमध्ये बघा. पाणी उथळ आणि कोमट होतं, आणि कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो. त्यात सांडपाणी आलं की ते कुजवणारे जिवाणू उरलेला प्राणवायू खाऊन टाकतात. वर जलपर्णीची चादर पसरली की हवाही आत जात नाही. पहाटे, रात्रभर प्रकाश नसताना, आकडा सगळ्यात खाली येतो. मग मासे तोंड वर काढून पृष्ठभागाजवळचं पाणी ओढू लागतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मेलेल्या माशांचा फोटो येतो. कल्ल्यांची नायिका असती तर माझी कादंबरी पहिल्याच उन्हाळ्यात संपली असती. तिला फुप्फुसंच हवीत. म्हणजे ती कितीही खोल असली तरी तिला वर यावं लागणार. प्रेमकथेला आणखी काय पाहिजे?

जलपरीचा शास्त्रीय किस्सा म्हणून नेहमी डुगाँग सांगतात. जानेवारी १४९३मध्ये कोलंबसाने जलपऱ्या पाहिल्याची नोंद केली, त्या चित्रात असतात तेवढ्या सुंदर नाहीत अशी तक्रारही केली. ते बहुधा डुगाँगचे भाऊबंद मॅनटी होते. आपल्याकडे डुगाँग कच्छच्या आखातात, तमिळनाडूच्या किनाऱ्याला आणि अंदमान-निकोबारला आढळतो. पण तो समुद्रातलं गवत चरतो. पंचगंगेसाठी जवळचं उदाहरण वेगळं आहे: गंगेतला डॉल्फिन. पाणी इतकं गढूळ, की त्याचे डोळे जवळजवळ निकामी झालेत. तो आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ओळखतो. तेव्हा जुलैच्या तांबड्या पाण्यात माझी नायिका नायकाचा चेहरा ओळखणार नाही. ती त्याला आवाजाने ओळखेल. होडीवर टेकवलेल्या काठीच्या, घाटाच्या पायरीवर आपटलेल्या कपड्याच्या.

आणि तिचं गाणं? पाण्याखाली गायलेलं गाणं काठावर जवळजवळ पोचतच नाही. पाण्यातून हवेत जाताना आवाजाच्या ऊर्जेचा हजारातला एखादाच भाग बाहेर पडतो, बाकीचा पृष्ठभागावरून परत फिरतो. गाणं ऐकायचं तर नायकाला डोकं पाण्यात घालावं लागेल. तिथे आवाज हवेच्या चौपटीहून वेगाने धावतो, दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच पडतो, आणि तो कुठल्या दिशेने आला ते माणसाला कळत नाही. ती गातेय हे कळेल, कुठे आहे हे नाही. हे मला सुचलेलं नाही, हे फिजिक्स आहे.

वासाचंही असंच. समुद्री माशाला जो वास येतो तो ट्रायमिथिलअमाइनचा. गोड्या पाण्यातल्या माशात तो फारसा नसतो. नदीतल्या माशाला येतो तो मातकट वास, जिओस्मिनचा. पहिल्या पावसानंतर मातीला येतो त्यात हेच रसायन असतं. सत्यवती यमुनेतली. मत्स्यगंधेला मासळीबाजाराचा वास कशाला द्यायचा? तिला पहिल्या पावसाचा द्या.

इथपर्यंत शरीर झालं. पण शरीराने गोष्ट होत नाही, म्हणून मी जुन्या कथा वाचायला घेतल्या, आणि एक गोष्ट ठळक दिसली. आपल्या पाण्यातल्या बायकांना शेपटी नसते, अट असते. गंगा शंतनूला सांगते, मी काहीही केलं तरी विचारायचं नाही. उर्वशी पुरूरव्याला सांगते, तू मला विवस्त्र दिसता कामा नये. अट मोडते आणि बाई निघून जाते. गणिताचे अभ्यासक असलेल्या दा. ध. कोसंबींनी उर्वशीवर मोठा निबंध लिहिलाय. माझ्यासारख्या सायन्सवाल्यांना तो धीर देणारा आहे.

माझी सगळ्यात आवडती मात्र वनपर्वातली सुशोभना. तिची फारशी आठवण कुणी काढत नाही. इक्ष्वाकू कुळातल्या परीक्षित राजाला (अभिमन्यूचा मुलगा तो वेगळा) ती रानात भेटते. लग्नाची अट एकच: मला पाणी दाखवायचं नाही. तिच्यासाठी उपवन तयार होतं, पण त्यात एक झाकलेली विहीर राहते. एके दिवशी राजाच तिला म्हणतो, उतर पाण्यात. ती उतरते आणि नाहीशी होते. पाणी उपसल्यावर सापडतो एक बेडूक. बेडकांनी राणी खाल्ली असं समजून राजा राज्यातले बेडूक मारत सुटतो, तेव्हा बेडकांचा राजा येऊन सांगतो, ती माझी मुलगी आहे. तिने असे बरेच राजे फसवलेत.

गंमत अशी की इथे अट शरीरातून आली आहे. पाणी दिसलं की तिला जावंच लागतं, त्यात शाप नाही की लहर नाही. आणि तिला जमिनीवर ठेवायचं म्हणून राजा पाणी झाकतो. हे प्रेम म्हणायचं की कैद, ते महाभारत सांगत बसत नाही.

मग माझी अट काय असावी? उत्तर पुन्हा लॅबच्या बाजूने आलं. खोल बुडी मारणाऱ्या सीलचं हृदय पाण्याखाली इतकं मंदावतं, की ठोके मिनिटाला दहाच्याही खाली येऊ शकतात. रक्त मेंदू-हृदयापुरतं राखलं जातं, कातडी थंड पडते. माझी नायिका तळाशी निवांत पडलेली असताना कुणी तिचा हात धरला, तर तो हात मेलेल्या माणसाचाच वाटेल. म्हणून तिची अट: मला वर यायला कितीही वेळ लागला तरी तू पाण्यात उतरायचं नाहीस.

ही अट कुठलाही भला माणूस मोडणारच. ज्या गावाने नदीत माणसं गमावली आहेत, जिथे पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांची इशारा रेषा ओलांडून ४३च्या धोक्याकडे सरकली की सगळे फोनवर आकडेच बघत बसतात, तिथला पोरगा काठावर हात बांधून बसेल? शंतनूनेही पोर वाचवायलाच तोंड उघडलं होतं.

एका ठिकाणी मात्र माझा हात अजून आखडतो, ते म्हणजे साती आसरा. नदीच्या, विहिरीच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड तुम्ही पाहिले असतील. 'आसरा' हा शब्द 'अप्सरा'पासूनच आलेला. ॲन फेल्डहाउस यांच्या 'वॉटर अँड वुमनहुड' (१९९५) या पुस्तकात महाराष्ट्रातल्या नद्यांच्या संदर्भात ह्या देवींबद्दल सविस्तर वाचायला मिळतं. बायका त्यांना हळदकुंकू, हिरव्या बांगड्या वाहतात. आणि डोहाजवळ पोरांना ओरडतात ते त्यांच्याच नावाने. ती भीती खरी आहे, डोहात खरंच माणसं जातात. अशा देवीला उचलून प्रेमकथेची गोड नायिका करणं मला पटत नाही. तेव्हा माझी नायिका आसरा नाही. पण काठावरची म्हातारी तिला आसरा समजते, मुलाला पाण्यापासून लांब राहायला सांगते, आणि तिचं सांगणं वेगळ्या कारणाने का होईना, बरोबर असतं.

राहिला प्रश्न, सांगणार कोण. ह्या कथांत राजा विलाप करतो, ऋषी कथा सांगतात. पाण्यातली बाई अट घालते आणि निघून जाते. ऋग्वेदातल्या दहाव्या मंडलात उर्वशी स्वतः बोलते, आणि परत यायला स्वच्छ नकार देते. एवढ्या जुन्या सूक्तात ती एवढं सरळ बोलते आणि पुढच्या कथांत तिचा आवाज बारीक होत जातो. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी १९६७मध्ये 'मृत्युंजय' ही पहिलीच कादंबरी लिहिताना कर्णाबरोबर कुंतीला आणि वृषालीलाही स्वतःच्या तोंडाने बोलायला लावलं. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. (माझं वय विचारू नका.)

सध्या अकरावं प्रकरण चालू आहे. हिवाळा आहे, पाणी निवळलंय. शांत पाण्याखालून वर बघितलं तर बाहेरचं सगळं जग ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत मावतं. खिडकीबाहेर फक्त नदीच्या तळाचंच प्रतिबिंब. तिला त्या गोलात घाट दिसतोय, देवळांचे कळस कडेला वाकलेले, आणि पायरीवर बसलेला तो. त्याला वरून नुसतं पाणी दिसतंय. पुढचं वाक्य तिच्या तोंडी हवंय, आणि सोमवारी गाईडना डेटा दाखवायचाय.