पेटीत न पडलेली पत्रं

पूर्वी मुंबईच्या जीपीओबाहेर पत्रं लिहून देणारे लेखनिक बसायचे. ज्याला लिहिता येत नाही त्यानं मनातलं सांगायचं, लेखनिकानं ते कागदावर उतरवायचं. आजी-आजोबांना विचारा, त्यांना आठवत असेल. ब्राझीलमध्ये रिओच्या मोठ्या रेल्वे स्टेशनात असंच टेबल मांडून बसणारी डोरा ही ‘सेंट्रल स्टेशन’ या चित्रपटाची नायिका. वॉल्टर सालेस यांचा हा चित्रपट १९९८ सालचा.

डोरा निवृत्त शिक्षिका आहे, पण प्रेमळ बाई वगैरे मुळीच नाही! लोकांकडून पैसे घेऊन पत्रं लिहिते, घरी नेऊन मैत्रिणीसोबत वाचून हसते. मग काही पत्रं फाडते, काही खणात कोंबते. पोस्टाची पेटी त्यांच्या नशिबी नसतेच.

एकदा आना नावाची बाई नऊ वर्षांच्या जोझुएला घेऊन येते. त्यानं बाबांना कधी पाहिलेलंच नाही. त्यांना पत्र लिहून होतं, मायलेक स्टेशनबाहेर पडतात आणि आनाला बसची धडक बसते. जोझुए एकटा उरतो. जवळ एक भोवरा, बस्स.

सुरुवातीला डोरा त्याच्याशी इतकी वाईट वागते, की आपल्याला तिची चीडच येते. (काय करते, ते सांगणार नाही!) पण मग तिचंच मन तिला खातं. दोघं निघतात बाबांना शोधायला, पार दूर ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या, धुळीच्या मुलखात.

या प्रवासात समजूत घालणारी लांबलचक भाषणं नाहीत. दोघं भांडतात, रुसतात. हळूहळू कळतं, की डोराच्या मनातही जुनी जखम आहे. तिचे वडील रेल्वेचं इंजिन चालवायचे. पुढं कधीतरी ते तिला रस्त्यात भेटले, पण त्यांनी तिला ओळखलंसुद्धा नाही.

एका जत्रेच्या गावी दोघांकडे दमडीही उरत नाही. तेव्हा युक्ती सुचते ती जोझुएला! तो ओरडून ओरडून भाविकांना गोळा करतो आणि डोरा पत्रं लिहिते. कुणाचं घरच्यांना, तर कुणाचं चक्क संताला! ही पत्रं मात्र ती फेकत नाही. मला हा प्रसंग सगळ्यात आवडला.

जोझुए झालेला व्हिनिसियुस खरोखरच रिओच्या विमानतळावर बूटपॉलिश करायचा. सालेस यांना तो तिथंच भेटला. स्टेशनात चित्रीकरण चालू असताना तर खरे प्रवासीच डोराच्या टेबलापाशी येऊन पत्रं सांगू लागले! डोरा साकारणाऱ्या फर्नांदा मोंतेनेग्रो यांना ऑस्करचं नामांकन मिळालं, चित्रपटाला बर्लिन महोत्सवात ‘सुवर्ण अस्वल’. २०२५ मध्ये त्यांची मुलगी फर्नांदा तोरेस हिलाही सालेस यांच्याच चित्रपटासाठी तसंच नामांकन मिळालं.

चित्रपट पोर्तुगीज भाषेत आहे. त्यात गोळी घालण्याचा एक प्रसंग आहे, तेव्हा आई-बाबांनी मुलांसोबत बसूनच तो पाहावा.

बाबा भेटतात का? ते पडद्यावरच बघा. फक्त डोळ्याला लावून पाहायचा तो चिमुकला फोटो दोघांच्या हाती दिसला, की रुमाल जवळ ठेवा.